वृद्धाश्रमाच्या अंगणात मुलांचे गाणे : धम्मविचार, परंपरा आणि आपले कर्तव्य

निवासी शाळांच्या वार्षिक नियोजनात वृद्धाश्रमास भेट देण्याचा उपक्रम आता रूढ झाला आहे. १ ऑक्टोबरचा आंतरराष्ट्रीय ज्येष्ठ नागरिक दिन, १४ ऑक्टोबरचा धम्मचक्र प्रवर्तन दिन, ३ जानेवारीची सावित्रीमाईंची जयंती किंवा १४ एप्रिलची भीमजयंती यांपैकी एखादे निमित्त साधले जाते. मुले-मुली लेझीम खेळतात, समूहगीते व भीमगीते गातात, एखादे लोकनृत्य सादर करतात. फळांचे वाटप होते, छायाचित्र काढले जाते आणि दुपारच्या जेवणाच्या घंटेपूर्वी मुले वसतिगृहात परततात.

या उपक्रमामागील भावना निर्मळ आहे, याविषयी आम्हांस शंका नाही. परंतु बौद्ध विचाराने चालणाऱ्या शाळेने कोणतीही गोष्ट केवळ रूढी म्हणून करू नये, तिचा हेतू तपासावा, हीच आपल्याला मिळालेली शिकवण आहे. मुलांनी वृद्धांसमोर गावे ते नेमके कशासाठी? त्यांची करमणूक व्हावी म्हणून, मुलांना पुण्य लाभावे म्हणून, की आणखी कशासाठी? या प्रश्नाचा धम्मग्रंथांच्या आणि आपल्या चळवळीच्या इतिहासाच्या आधारे विचार करावा, एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

वार्धक्य नजरेआड होऊ नये

सिद्धार्थ गौतमाच्या गृहत्यागाची रूढ कथा सर्वांना ठाऊक आहे. वृद्ध, रोगी, मृत आणि संन्यासी अशी चार दृश्ये पाहून राजपुत्राने घर सोडले, असे ती सांगते. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथात बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ही कथा नाकारली. वार्धक्य, आजार आणि मृत्यू या नित्याच्या गोष्टी आहेत. एकोणतीस वर्षांच्या माणसाने त्या कधीच पाहिल्या नसतील, हे बुद्धीस पटणारे नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. शाक्य आणि कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याचा वाद हे त्यांनी गृहत्यागाचे कारण मानले.

बाबासाहेबांचा हा तर्क अडीच हजार वर्षांपूर्वीच्या कपिलवस्तूस पूर्णपणे लागू पडतो. आजच्या मुलांबाबत मात्र काळजी वाटावी अशी स्थिती आहे. शहरातील दोन खोल्यांच्या घरात आजी-आजोबा नसतात. वसतिगृहात वाढणाऱ्या मुलाच्या अवतीभवती समवयस्क असतात आणि त्यांच्याखेरीज मध्यमवयीन शिक्षक. दिवाळीच्या व उन्हाळ्याच्या सुटीत गावी गेल्यावर जे काही दिवस आजीचा सहवास मिळेल तेवढाच. थरथरणारा हात, एकच गोष्ट तीनदा सांगणारा आवाज, काठीशिवाय न उठवणारे शरीर या गोष्टी मुलाच्या रोजच्या पाहण्यातून हळूहळू जात आहेत. कथेतील राजाने राजपुत्रापासून वार्धक्य मुद्दाम लपवले होते. आपल्या घरांतून ते कोणी न लपवताच दिसेनासे होत आहे.

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात साठ वर्षांवरील व्यक्तींची संख्या सुमारे १० कोटी ३८ लाख होती. महाराष्ट्रात दर दहा माणसांमागे जवळजवळ एक ज्येष्ठ नागरिक होता. सुमारे २५ लाख ८६ हजार लोकसंख्येचा आपला बुलढाणा जिल्हा मुख्यतः खेड्यांचा आहे. येथील तरुण शिक्षणासाठी व रोजगारासाठी पुणे, मुंबई, सुरत येथे जातात आणि गावात म्हातारी माणसे राहतात. शेतीच्या अरिष्टामुळे २००६ साली केंद्राने विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष पॅकेज जाहीर केले, त्यांत बुलढाण्याचाही समावेश होता. कर्त्या मुलाच्या पाठीमागे राहिलेल्या आई-वडिलांचे दुःख या जिल्ह्याला समजावून सांगण्याची गरज नाही. म्हणून वृद्धाश्रमात दिसणारा प्रत्येक वृद्ध मुलांनी टाकलेलाच आहे, असे मानून चालू नये. कोणास मूलच नाही, कोणाचे मूल गेले, कोणास सुनेवर व नातवंडांवर भार होणे नको वाटले. मुलांना तेथे नेण्यापूर्वी त्यांना एवढे तरी सांगितले पाहिजे.

भारतीय संविधानाच्या ४१ व्या अनुच्छेदाने वार्धक्यात साहाय्य करण्याची जबाबदारी राज्यावर टाकली आहे. २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण अधिनियमाने मुलांवर पालनपोषणाचे बंधन घातले, आणि प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांची सोय होईल असा वृद्धाश्रम उभारण्याची तरतूद केली. कायदा अन्न, वस्त्र आणि निवारा देऊ शकतो. ‘तुमचे ऐकायला कोणी तरी आले आहे’ हा दिलासा मात्र कायदा देऊ शकत नाही. तेथे शाळेचे काम सुरू होते.

नृत्य-गायन धम्मास मान्य आहे काय?

काही श्रद्धावान पालक अधूनमधून एक प्रश्न विचारतात. अष्टशीलात नृत्य, गीत आणि वाद्य यांपासून अलिप्त राहण्याचे शील आहे. मग बौद्ध शाळेने मुलांना नाचगाणे का शिकवावे? हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याचे उत्तर दिले पाहिजे.

पहिली गोष्ट अशी की उपासकाच्या नित्य पंचशीलात हा नियम नाही. उपोसथाच्या दिवशी अष्टशील ग्रहण करणाऱ्यांसाठी आणि प्रव्रजितांसाठी तो आहे. दुसरी गोष्ट, दीघनिकायातील सक्कपञ्ह सुत्तात पञ्चसिख नावाचा गंधर्व तथागतांसमोर वीणा वाजवून गातो. तथागत त्यास अडवत नाहीत. त्याच्या तारांचा स्वर आणि कंठाचा स्वर एकमेकांशी उत्तम जुळले आहेत, अशी दाद देतात आणि हे गीत केव्हा रचले, असेही विचारतात. सोण नावाच्या भिक्खूला प्रयत्नांची मध्यम रीत समजावतानाही त्यांनी वीणेच्याच तारांचा दाखला दिला. तार फार ताणली तर ती वाजत नाही, फार सैल सोडली तरीही वाजत नाही.

मात्र याच तथागतांनी भिक्खूंना दुसरी बाजूही सांगितली. धम्म लांबलचक आलाप घेऊन गाणारा स्वतःच्याच स्वरावर लुब्ध होतो आणि ऐकणाराही अर्थ सोडून स्वरात अडकतो, असा इशारा अंगुत्तरनिकायात आहे. बुलढाण्याहून फार दूर नसलेल्या अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात महाजनक जातकाच्या चित्रात नर्तकी व वादक रेखाटले आहेत. तेथे नृत्य राजाला संसारात गुंतवून ठेवणारा मोह म्हणून आले आहे. तरीही चित्रकाराने ते विहाराच्याच भिंतीवर अत्यंत आदराने रंगवले आहे.

या सर्वांचा मेळ घातला तर निष्कर्ष स्पष्ट होतो. धम्माचा आक्षेप गाण्याला नाही, गाण्यातील आत्मलुब्धतेला आहे. मुलगा टाळ्यांसाठी गात असेल तर त्याची तार जास्त ताणली गेली आहे. समोरच्या माणसासाठी गात असेल तर ते गाणे मैत्रीभावनेचा अभ्यास ठरते. बाबासाहेबांनी स्वतः प्रौढ वयात व्हायोलिन शिकण्यास वेळ काढला, हेही येथे स्मरणात ठेवण्यासारखे आहे.

घराबाहेर काढलेल्या वृद्धाची गाथा

आपल्या विषयाशी सर्वांत जवळची कथा संयुत्तनिकायात आहे. श्रावस्तीत एक वृद्ध ब्राह्मण तथागतांकडे आला. तो एके काळी धनाढ्य होता, पण आता त्याच्या अंगावर फाटके वस्त्र होते. ही अवस्था कशाने झाली, असे विचारल्यावर त्याने सांगितले की चार मुलगे आहेत, त्यांनी बायकांच्या सल्ल्याने आपणास घराबाहेर काढले.

तथागतांनी काय केले? त्यांनी त्याचे सांत्वन करून त्याला भिक्षापात्र दिले नाही. मुलांना बोलावून दटावलेही नाही. त्यांनी त्या वृद्धाला काही गाथा शिकवल्या आणि लोकांची सभा भरेल व मुलगे तेथे बसलेले असतील तेव्हा त्या म्हणण्यास सांगितले. ज्यांच्या जन्माचा आनंद मानला तेच आता हाकलून देतात; निरुपयोगी झालेल्या घोड्याचा चारा तोडावा तसे माझे झाले; अशा मुलांपेक्षा हातातली काठी बरी, कारण ती कुत्र्याला व मारक्या बैलाला दूर ठेवते आणि अंधारात, खोल पाण्यात, ठेच लागल्यावर सावरते, असा त्या गाथांचा आशय आहे. वृद्धाने त्या भर सभेत म्हटल्या. मुलगे खजील झाले. त्यांनी वडिलांना घरी नेले, स्नान घातले, नवी वस्त्रे दिली.

या कथेतील एक गोष्ट आम्हांस फार महत्त्वाची वाटते. तथागतांनी वृद्धाला श्रोता केले नाही, त्याला गाथा म्हणणारा केले. त्याचे धन गेले होते, घर गेले होते, पण सर्वांत आधी गेला होता तो त्याचा सभेतला आवाज. तो त्याला परत मिळाला आणि बाकीचे मागोमाग आले.

आमच्या प्रश्नाचे उत्तर याच कथेत आहे. मुलांनी वृद्धाश्रमात गावे ते वृद्धांनीही गावे म्हणून. आपला कार्यक्रम संपेपर्यंत वृद्ध मंडळी केवळ खुर्चीत बसून टाळ्या वाजवत राहिली, तर तो कार्यक्रम कितीही सुंदर झाला असला तरी अर्धाच झाला, असे समजावे.

गाणे कोणाचे कोणाकडे?

आमची मुले जी गाणी गातात ती आली कोठून, याचा विचार केला तर हा मुद्दा अधिक स्पष्ट होईल.

आपल्या जिल्ह्याचा दाखला घेऊ. देऊळगाव राजा तालुक्यातील मेहुणा राजा हे संत चोखामेळा यांचे जन्मगाव मानले जाते. मंदिराच्या दारात थांबवलेल्या माणसाने आपली वेदना आणि आपला प्रश्न अभंगातून मांडला. बाबासाहेबांनी १९४८ साली ‘द अनटचेबल्स’ हा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीस अर्पण केला. आपण भक्तिमार्ग मागे ठेवून धम्ममार्गावर आलो आहोत. पण ज्यांना आत प्रवेश नव्हता त्यांचे शब्द गाण्याच्या रूपाने सर्वत्र पोहोचले, हा इतिहास विसरता येणार नाही.

सत्यशोधक चळवळीने तमाशाचा लोकप्रिय ढाचा घेऊन जलसा उभा केला. आंबेडकरी जलशाने त्याच वाटेने पुढे जाऊन देवस्तुती आणि शृंगार बाजूला सारला. त्यांच्या जागी पाणी, शाळा, संघटना आणि स्वाभिमान हे विषय आणले. नाशिकच्या भीमराव कर्डकांनी या जलशांत आयुष्य घातले आणि पुढे त्यांचा इतिहासही लिहून ठेवला. त्यानंतर गायन पार्ट्या आल्या. सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे वामनदादा कर्डक (१९२२–२००४) गावोगाव फिरले. विठ्ठल उमप नोव्हेंबर २०१० मध्ये वयाच्या ७९ व्या वर्षी नागपूरच्या दीक्षाभूमीवर कार्यक्रमातच कोसळले आणि निवर्तले. ज्या समाजाला अक्षरे नाकारली गेली होती, त्याला चळवळीचा विचार आधी कानांनी कळला, मग डोळ्यांनी वाचता आला.

या परंपरेत विद्यार्थ्यांचेही स्थान आहे. औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयाचे प्राचार्य म. भि. चिटणीस यांचे ‘युगयात्रा’ हे नाटक १९५५ साली विद्यार्थ्यांनी बाबासाहेबांसमोर सादर केले. १९५६ च्या धम्मदीक्षेच्या वेळी नागपुरातही ते विशाल जनसमुदायापुढे झाले. त्या समुदायात कित्येक अक्षरशून्य वडीलधारी माणसे होती. शिकणाऱ्या मुलांनी न शिकलेल्या पिढीपुढे तिचाच इतिहास उभा केला. वृद्धाश्रमाच्या अंगणात आपली मुले उभी राहतात तेव्हा नकळत याच परंपरेत उभी राहतात.

जलसा पुरुषांचा होता. स्त्रियांचे गाणे जात्यावर होते. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या शेकडो गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. १९९६ साली बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरात त्यांनी ध्वनिमुद्रित केलेल्या ओव्यांत बाबासाहेबांवरील आणि बुद्धावरील ओव्या आहेत. शाळेचे तोंड न पाहिलेल्या बायांनी दळता दळता रचलेला हा चळवळीचा इतिहास आहे. माजलगावात ध्वनिमुद्रण झाले म्हणून त्या राहिल्या. मेहकर, लोणार, चिखली, मोताळा या तालुक्यांतील वस्त्यांत अशा ओव्या म्हणणाऱ्या बाया नव्हत्या काय? होत्याच. गिरण्या आल्या, जाती कोपऱ्यात गेली आणि ओव्या त्या बायांच्या कंठातच राहिल्या.

१९५६ साली जी मुले दहा वर्षांची होती, ती आज ऐंशीच्या घरात आहेत. वडिलांच्या खांद्यावर बसून जलसा पाहिलेली, आईच्या मांडीवर डोके ठेवून जात्याची घरघर ऐकलेली ही शेवटची पिढी आहे. तिच्यातील काही माणसे आज वृद्धाश्रमात आहेत आणि पुष्कळशी गावातल्या घराच्या ओसरीवर एकटी आहेत. आपण त्यांना गाणे ऐकवायला जातो, पण जे गाणे आपण ऐकवतो त्याचे मूळ धनी तेच आहेत. दहाव्या वर्षापासून तिशीपर्यंत ऐकलेली गाणी उतारवयात सर्वांत स्पष्ट आठवतात, असे स्मृतीच्या अभ्यासकांना आढळले आहे. सकाळी काय खाल्ले हे न आठवणारी आजी साठ वर्षांपूर्वीचे गाणे कडव्यामागून कडवे म्हणते, यात चमत्कार काही नाही.

घरापासून दूर असलेले दोघे

निवासी शाळेच्या मुलांकडे या कामासाठी एक विशेष पात्रता असते, तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. वसतिगृह आणि वृद्धाश्रम यांचा दिनक्रम पुष्कळसा सारखा आहे. दोन्हीकडे घंटा असते, ताट घेऊन रांग असते, पत्र्याची पेटी आणि तिचे कुलूप असते. दोन्हीकडे रविवारी फाटकाकडे डोळे लागलेले असतात. कोणाचे माणूस आले, कोणाचे आले नाही, हे दोन्हीकडे सर्वांना कळते. पाचवीत नव्याने दाखल झालेल्या मुलाला पहिल्या महिन्यात जे वाटते ते वृद्धाश्रमात नव्याने आलेल्या आजोबांनाही वाटते. फरक एवढाच की मुलगा सुटीला घरी जाणार असतो.

हे साम्य मुलांना भाषणातून सांगण्याची गरज नाही. दोन-तीन भेटींनंतर ते आपणच ओळखतात. ‘आजी, तुम्हाला येथे करमते काय?’ हा प्रश्न घरी राहणारे मूल उपचारापुरता विचारील. वसतिगृहातील मूल उत्तर ऐकण्यासाठी विचारते.

आणखी एक बाब येथे स्पष्टपणे नमूद केली पाहिजे. वृद्धाश्रमात सर्व जातिधर्मांची माणसे असतात. ज्या पिढीने तरुणपणी गावात वेगळा पाणवठा पाहिला, त्या पिढीतील पाणी नाकारणारे आणि पाणी नाकारले गेलेले असे दोघेही आज एकाच ओळीत जेवायला बसतात. आपल्या शाळेची मुलगी त्यांच्या हातात पाण्याचा पेला देते आणि ते पाणी सर्वजण पितात. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर सुरू झालेल्या लढ्याचे हे एक लहानसे फळ आहे. मुलांना त्याचा अभिमान असावा, पण तो कोणाला टोचेल असा दाखवू नये. गाण्यांची निवडही याच विचाराने करावी. भीमगीते लपवून ठेवण्याचे कारण नाही, ती आमची ओळख आहे. त्याबरोबर राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरीवरची भजने, जात्यावरच्या ओव्या, सावित्रीमाईंची गीते, एखादे जुने चित्रपटगीतही असावे. समोरचा माणूस ज्या गाण्यात आपला आवाज मिळवू शकेल ते गाणे कार्यक्रमात हवे.

कार्यक्रम कसा असावा?

आता काही व्यावहारिक सूचना कराव्याशा वाटतात. त्या खर्चाच्या नाहीत, केवळ दृष्टीच्या आहेत.

पहिली सूचना वेळेची. मुलांचे सादरीकरण अर्ध्या तासाहून अधिक नसावे आणि पुढील अर्धा तास वृद्धांचा असावा. मुलांनी रंगमंच सोडून त्यांच्यामध्ये जाऊन बसावे. एका वृद्धाजवळ दोन मुले, अशी रचना सोयीची पडते. एक लाजले तर दुसरे बोलते.

दुसरी सूचना आवाजाची. उतारवयात उंच स्वर ऐकण्याची शक्ती प्रथम कमी होते आणि गोंगाटात शब्द वेगळे काढता येत नाहीत. मोठे ध्वनिक्षेपक व ध्वनिमुद्रित संगीतावरील नाच मुलांना आवडतात, पण वृद्धांच्या कानांवर त्यांचा नुसता मारा होतो. हार्मोनियम, ढोलकी, खंजिरी आणि मुलांचा उघडा आवाज पुरेसा आहे. शब्द स्पष्ट आणि लय जराशी संथ असावी. लेझीम अंगणात थोडे अंतर राखून व्हावे. नृत्यात हातांच्या अशा हालचाली असाव्यात की बसलेल्या माणसालाही त्या करता येतील.

तिसरी सूचना बोलण्याची. ‘तुमची मुले कोठे असतात?’ हा प्रश्न मुलांनी आपणहून विचारू नये. त्याऐवजी ‘तुमचे गाव कोणते? लहानपणी कोणते गाणे ऐकले? ते कोणाकडून शिकलात?’ असे विचारावे. स्वतःच्या आयुष्याकडे मागे वळून पाहणे ही वार्धक्यातील निरोगी मनाची गरज आहे, असे रॉबर्ट बटलर या मनोविकारतज्ज्ञाने १९६३ सालीच मांडले होते. ऐकणारा कान मिळाला की हे काम सुरू होते.

चौथी सूचना वहीची. प्रत्येक इयत्तेने ‘गाण्याची वही’ ठेवावी. आजीने वा आजोबांनी म्हटलेले गाणे जसेच्या तसे, त्यांच्याच वऱ्हाडी बोलीत उतरवून घ्यावे, शुद्ध करू नये. खाली गाव, अंदाजे वय, गाणे कोणाकडून व केव्हा ऐकले याची नोंद करावी. परवानगी असेल तर भ्रमणध्वनीवर आवाज टिपावा. दहा वर्षांत अशा वह्यांतून जिल्ह्याच्या आंबेडकरी गाण्याचा जो संग्रह उभा राहील, तो कोणत्याही विद्यापीठाला हवाहवासा वाटेल. इतिहास हा विषय पाठ्यपुस्तकात संपत नाही, हे मुलांना यातून उमगेल.

पाचवी सूचना छायाचित्रांची. हातात केळी किंवा ब्लँकेट देऊन मान खाली घातलेल्या वृद्धाचे छायाचित्र काढू नये. गाताना, हसताना, मुलाला ताल धरून दाखवताना काढावे, तेही विचारूनच.

सहावी आणि सर्वांत महत्त्वाची सूचना सातत्याची. वर्षातून एकदा दहा ठिकाणी जाण्यापेक्षा एकाच ठिकाणी दर महिन्याला जावे. ‘पुन्हा येऊ’ असे मुलाने म्हटले तर ते वचन आहे, आणि असत्य न बोलण्याचे शील तेथे लागू होते. एखाद्या महिन्यात एक खुर्ची रिकामी दिसेल. त्या दिवशी मुलांना अनित्यतेवर व्याख्यान देऊ नये. त्या आजोबांनी शिकवलेले गाणे सर्वांनी मिळून म्हणावे, एवढे पुरेसे आहे.

जगात इतरत्रही हा विचार रुजला आहे. बौद्ध परंपरा लाभलेल्या जपानात १९६६ पासून वृद्धांच्या सन्मानाचा दिवस राष्ट्रीय सुटीचा आहे. टोकियोच्या ‘कोतोएन’ या संस्थेत वृद्धनिवास आणि बालवाडी एकाच छताखाली चालतात. नेदरलँड्समधील डेव्हेंटर येथील ‘ह्युमॅनिटास’ या वृद्धनिवासात २०१२ पासून विद्यार्थी विनाभाडे राहतात आणि महिन्याला तीस तास वृद्धांच्या सहवासात घालवतात. त्या देशांकडे पैसा आहे. आपल्याकडे वसतिगृहभर मुले आहेत आणि त्यांना गाता येते.

माजी विद्यार्थी आणि पालकांस

अंगुत्तरनिकायात तथागत म्हणतात की आईला एका खांद्यावर आणि वडिलांना दुसऱ्या खांद्यावर घेऊन शंभर वर्षे वाहिले तरी त्यांचे ऋण फिटत नाही. मग ते फिटते कशाने? श्रद्धा, शील, दान आणि प्रज्ञा यांत त्यांना प्रतिष्ठित केल्याने. म्हणजे वृद्धांची नुसती पोटापाण्याची सोय करून भागत नाही. त्यांचे मन जागते ठेवावे लागते. आजारी व म्हाताऱ्या नकुलपित्याला तथागतांनी हेच सांगितले होते की शरीर आजारी असले तरी मन आजारी पडू देऊ नये. तथागत स्वतः वृद्ध झाले तेव्हा पाठीला ऊन घेत बसत आणि आनंद त्यांचे अवयव चेपीत असे, अशी हृद्य नोंद संयुत्तनिकायात आहे. जगाला मार्ग दाखवणाऱ्यालाही उतारवयात कोणाचा तरी हात लागला.

या स्मरणिकेचे वाचक बहुसंख्येने या शाळेचे माजी विद्यार्थी आणि पालक आहेत. त्यांतील अनेकजण आज शहरांत स्थिरावले आहेत, अधिकारी, अभियंते, प्राध्यापक झाले आहेत. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकलेल्या वर्गाविषयी जी खंत बोलून दाखवली, तिचा अर्थ आपण समाजकार्यापुरता लावतो. तो घरापर्यंतही न्यावा, असे आम्हांस वाटते. ज्या आईने एकवेळ उपाशी राहून मुलाला वसतिगृहात ठेवले, तिच्याजवळ बसून ‘आई, जात्यावर काय म्हणायचीस?’ असे आपण कधी विचारले आहे काय? पैसे दरमहा पोहोचतात, हे मान्य. पण त्या वृद्ध ब्राह्मणाला सभेत आवाज हवा होता, तसाच तो तिलाही हवा असतो.

म्हणून या लेखाच्या शेवटी एक छोटी विनंती आहे. येत्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आपण गावी याल, तेव्हा घरातील किंवा शेजारच्या सर्वांत वृद्ध व्यक्तीकडून एक गाणे ऐकून घ्या. ओवी असो, जलशातले कवन असो किंवा अर्धेच आठवणारे कडवे असो. ते लिहून शाळेकडे पाठवा. आमची मुले ते शिकतील आणि पुढच्या महिन्यात वृद्धाश्रमाच्या अंगणात गातील. कदाचित तेथे बसलेल्या एखाद्या आजीला त्याचे राहिलेले कडवे आठवेल.

जय भीम! नमो बुद्धाय!